संस्थांवरचा विश्वास मोजणारी सर्वेक्षणं : टक्केवारी वाचण्याआधी काय तपासावं?

नमुनेदार

"अमुक संस्थेवरचा लोकांचा विश्वास इतक्या टक्क्यांनी घसरला" अशी बातमी आली की चर्चा लगेच त्या संस्थेच्या कारभारावर जाते. लोकांना नेमकं काय विचारलं होतं, हे बातमीच्या शेवटच्या ओळीतही सापडत नाही. इथे सर्वेक्षणाच्या कामातली बरीच मंडळी आहेत, म्हणून हा धागा. कुठली संस्था चांगली, कुठली वाईट हा वाद इथे नको. मोजणी कशी होते आणि कुठे फसते, तेवढंच बोलू.

सुरुवात प्रश्नाच्या शब्दांपासून. नावाजलेल्या सर्वेक्षणांतही ते एकमेकांशी जुळत नाहीत.

गॅलप (जनमत चाचण्या घेणारी संस्था) १९७३ पासून अमेरिकेत विचारतं : या संस्थेवर तुमचा भरवसा किती? खूप, बराच, थोडा, की फारच कमी? मथळ्यात येतो तो पहिल्या दोन पर्यायांचा एकत्रित आकडा. त्याच देशातला जनरल सोशल सर्व्हे (पुढे जीएसएस म्हणतो) तीनच पर्याय देतो : खूप, थोडाफार, जवळजवळ नाहीच. आणि तिथे बातमीत फक्त "खूप" मोजतात. जागतिक मूल्य सर्वेक्षणात चार पर्याय. युरोपीय सामाजिक सर्वेक्षणात २००२ पासून ० ते १० ची पट्टी. युरोपीय संघाच्या युरोबॅरोमीटरमध्ये दोनच : विश्वास ठेवण्याकडे कल, न ठेवण्याकडे कल. एडेलमन या जनसंपर्क कंपनीच्या पाहणीतली पट्टी ९ पायऱ्यांची, आणि वरच्या चार पायऱ्या, म्हणजे ६ ते ९, "विश्वास" म्हणून धरतात. गॅलपच्याच जागतिक पाहणीत सरकारबद्दल सरळ हो की नाही.

यातले दोन आकडे शेजारी ठेवून "इथे ४० आणि तिथे ६०" अशी तुलना करणं व्यर्थ आहे. तरी दर महिन्याला कुणीतरी ती करतंच.

शंकेखोर

पर्याय वेगळे असले तरी कल तर तोच दिसणार ना? विश्वास असेल तर कुठल्याही पट्टीवर उमटेलच.

आकडेमोड

कल कदाचित दिसेल, पातळी दिसणार नाही. आणि मथळा पातळीचाच असतो. एक काल्पनिक तक्ता घ्या, १००० उत्तरदाते : पूर्ण विश्वास १४ टक्के, बऱ्यापैकी ३१, फारसा नाही २८, अजिबात नाही १२, सांगता येत नाही १५.

आता याच तक्त्यातून काय काय निघतं ते बघा. पहिले दोन मिळवले तर ४५ टक्के, म्हणजे "निम्म्याहून कमी लोकांचा विश्वास". "सांगता येत नाही" वाले काढून टाकले तर ४५ भागिले ८५, म्हणजे ५२.९ टक्के, लगेच "बहुसंख्यांचा विश्वास". फक्त "पूर्ण" धरला तर "सातातल्या जेमतेम एकाचा विश्वास". निव्वळ विश्वास काढला, म्हणजे असलेल्यांतून नसलेले वजा केले, ४५ वजा ४०, तर अधिक ५. चार ते एक असे गुण देऊन सरासरी काढली तर ८५ टक्क्यांवर २.५५, म्हणजे मधल्या २.५ च्या जरासा वर. आकडे पाचही खरे, तक्ता एकच.

म्हणून अहवालात पहिल्यांदा शोधायचं ते "छेद काय धरलाय", म्हणजे टक्के कितींपैकी काढलेत. संस्था लोकांच्या रोजच्या संबंधातली नसेल तर "सांगता येत नाही" चांगलंच फुगतं आणि छेदाचा खेळ आणखी मोठा होतो.

मधलाफाटा

निव्वळ विश्वासाची पद्धत आपल्याकडे लोकनीती या संशोधन उपक्रमाच्या अहवालांत दिसते. फायदा असा की सैन्यासारखी संस्था वर आणि राजकीय पक्ष शून्याच्याही खाली, असं चित्र एका नजरेत कळतं. तोटा असा की ५० वजा ४० आणि २० वजा १० दोन्हीकडे १०च येतात. पहिल्या समाजात लोक दुभंगलेत, दुसऱ्यात ७० टक्क्यांना काही पडलेलीच नाही.

नमुनेदार

बरोबर. म्हणून निव्वळ आकडा एकट्याने छापू नये, चारही रकाने सोबत द्यावेत. जागा नसेल तर निव्वळ आकडा गाळावा, रकाने नव्हे.

जुनाखातेदार

शब्दांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली. जीएसएसचा प्रश्न संस्थेबद्दल नाहीच, "या संस्था चालवणाऱ्या लोकांबद्दल" आहे. गॅलप संस्थेबद्दल विचारतं. न्यायव्यवस्था हवी पण आत्ताचे न्यायाधीश नकोत असं वाटणारा माणूस दोन ठिकाणी दोन उत्तरं देईल, आणि दोन्ही प्रामाणिक असतील.

हा वाद जुना आहे. अमेरिकेच्या निवडणूक अभ्यासात १९५८ पासून प्रश्न आहे : वॉशिंग्टनचं सरकार योग्य तेच करील असा भरवसा तुम्ही किती वेळा ठेवू शकता? नेहमी किंवा बहुतेक वेळा म्हणणारे तेव्हा चारातले सुमारे तीन होते. पुढे व्हिएतनाम युद्ध आणि वॉटरगेट घोटाळ्याच्या काळात आकडा कोसळला. १९७४ मध्ये राज्यशास्त्रज्ञ आर्थर मिलर यांनी याचा अर्थ व्यवस्थेबद्दलचा असंतोष असा लावला. जॅक सिट्रिन यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं की लोक सत्तेवर बसलेल्यांवर नाराज आहेत, व्यवस्थेवर नव्हे. बऱ्याच जणांची नाराजी तर निव्वळ रिवाज म्हणून बोलली जाते. पन्नास वर्षं झाली, त्या एका प्रश्नावरून हा वाद मिटत नाही. राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड ईस्टन यांनी व्यवस्थेला असलेला पाठिंबा आणि कारभाराला असलेला पाठिंबा वेगळा करून ठेवला होता. दोन्ही मोजायचे तर प्रश्नही दोन लागतात.

शंकेखोर

याचा ताळा कसा घ्यायचा? व्यवस्थेवरचा राग की आपला पक्ष हरल्याचा राग?

जुनाखातेदार

पक्षनिहाय फोड करा. सत्ता बदलली की सरकारवरचा विश्वास एका पक्षाच्या समर्थकांत चढतो, दुसऱ्याच्या उतरतो, आणि सरासरी हलतही नाही. उलटही होतं. गॅलपच्या २०२० च्या पाहणीत पोलिसांवरचा भरवसा ४८ टक्के आला. २७ वर्षांच्या नोंदीत पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, म्हणून मथळा मोठा झाला. आत बघितलं तर रिपब्लिकन ८२ आणि डेमोक्रॅट २८. "सरासरी अमेरिकन" ४८ टक्के भरवशाचा, असा माणूस त्या नमुन्यात शोधूनही सापडला नसता.

पायपीट

क्षेत्रकामाच्या बाजूने लिहितो. अहवालाच्या पानावर चुकीची मर्यादा म्हणून ± ३ टक्के लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा शुद्ध यादृच्छिक नमुन्याचं गणित. १००० लोक, ५० टक्क्यांच्या आसपासचं उत्तर, की ± ३.१. प्रत्यक्षात घरोघरी जाणारं सर्वेक्षण गुच्छांत होतं : एका वस्तीत २० मुलाखती. आणि विश्वास वस्तीवस्तीने जुळतो, कारण पोलीस ठाणं एक, शाळा एक, दवाखाना एक.

एकाच गुच्छातल्या उत्तरांचं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे हुबेहूब) ०.०२ असेल तर फुगवटा, म्हणजे नमुन्याचं मोल जितक्या पटीने घटतं तो आकडा, १ + १९ × ०.०२ = १.३८. म्हणजे १००० मुलाखती मोलाने ७२५च. साम्य ०.०५ असेल तर फुगवटा १.९५, आणि हातात उरतात जेमतेम ५१३. तेव्हा ± ३.१ चे ± ४.३ होतात. पोलिसांबद्दलच्या प्रश्नात साम्य जास्त निघतं, संसदेबद्दलच्या प्रश्नात कमी. म्हणजे एकाच प्रश्नावलीत प्रत्येक संस्थेची चूक वेगळी, पण पानावर आकडा एकच छापतात.

यात मुलाखतकाराचा परिणाम आणखी मिसळतो. एकाच माणसाने अख्खा गुच्छ केला असेल तर वस्तीचा परिणाम कुठला आणि त्याच्या आवाजाचा, पेहरावाचा कुठला, हे वेगळं करता येत नाही. निदान दोघांत तरी वाटून द्यावा. सरकारी ओळखपत्रासारखं काही गळ्यात लटकवलेलं असेल तर सरकारबद्दलची उत्तरं गोड होतात, हे वेगळं सांगायला नको.

आकडेमोड

यात भर. दोन फेऱ्यांची तुलना करताना चूक आणखी वाढते. दोन्ही फेऱ्या १००० च्या आणि शुद्ध यादृच्छिक असल्या तरी फरकावरची मर्यादा ३.१ गुणिले १.४१, म्हणजे ४.४. फुगवटा २ धरला तर ६.२. "विश्वास ४ टक्क्यांनी घसरला" ही बातमी यातच विरते. एकाच दिशेने तीन फेऱ्या गेल्याशिवाय मी "घसरण" हा शब्द वापरू देत नाही. संपादक रागावले तरी चालेल.

सारणी

नमुना-चूक निदान मोजता तरी येते. खरी गोची आहे ती उत्तरच न देणाऱ्यांची. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या फोन सर्वेक्षणांचा प्रतिसाद-दर १९९७ मध्ये ३६ टक्के होता, २०१८ मध्ये ६ टक्के. इतर विषयांत भारांकन करून, म्हणजे कमी आलेल्या गटांच्या उत्तरांना जास्त वजन देऊन, बरंच सावरता येतं : वय, लिंग, शिक्षण, प्रदेश जनगणनेशी जुळवले की झालं. इथे मात्र मोजायची गोष्ट आणि फोन उचलण्याची तयारी या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. अनोळखी माणसाला पंधरा मिनिटं देणारा मुळात जास्त विश्वास ठेवणारा असतो. त्याच वयाचा, त्याच शिक्षणाचा, पण "कोण तुम्ही? नंबर कुठून मिळाला?" म्हणून फोन ठेवणारा नमुन्यात येतच नाही. वय-शिक्षणाचे भार लावून त्याची जागा भरली जाते ती बोलायला तयार असलेल्याच्याच उत्तराने.

त्यामुळे प्रतिसाद-दर पडत असताना विश्वास स्थिर दिसला, तर तो खरंच स्थिर आहे असं म्हणायला धजू नये.

शंकेखोर

मग यावर उपाय काय? की नुसतं "जपून वाचा"?

सारणी

अर्धामुर्धा आहे. एक, नकार देणाऱ्यांकडून दोनच प्रश्नांची चिठ्ठी भरून घ्यायची. त्यात एक विश्वासाचा. दोन, पहिल्याच हाकेला तयार झालेले आणि चौथ्या फेरीला भेटलेले यांची उत्तरं वेगळी काढून बघायची. चौथ्या फेरीवाल्यांत विश्वास स्पष्ट कमी असेल तर न भेटलेल्यांत तो आणखी कमी असण्याची शक्यता धरावी. त्यासाठी कितव्या प्रयत्नाला मुलाखत झाली हा रकाना जपून ठेवावा लागतो, आणि तो बऱ्याच ठिकाणी डेटा देतानाच गाळलेला असतो. तीन, स्वयंसेवी कामातल्या सहभागासारखी एखादी बाब मोठ्या सरकारी सर्वेक्षणातून ठाऊक असेल तर तीही भारांकनात घ्यायची. अशी उत्साही मंडळी सर्वेक्षणांत गरजेपेक्षा जास्त येतात.

आणि गाठलेलं घर बंद म्हणून शेजारचं घर घेणं हा उपाय नव्हे. तिथेच नमुना बिघडतो.

पायपीट

शेवटच्या वाक्याला +१. घरातला माणूसही "जो भेटला तो" नको. ज्याचा वाढदिवस नुकताच झाला तो, किंवा यादृच्छिक निवडीच्या कोष्टकावरून. नाहीतर दुपारी घरी असणाऱ्यांचाच विश्वास मोजून होतो.

चौकट

प्रश्नावलीच्या रचनेबद्दल कुणी बोललंच नाही. विश्वासाचा संच भ्रष्टाचाराच्या प्रश्नानंतर ठेवला की आकडे खाली येतात, हे ढोबळ झालं. याहून गमतीशीर प्रयोग जर्मनीत श्वार्त्झ आणि ब्लेस यांनी केला, १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना आधी घोटाळ्यात सापडलेल्या राजकारण्यांची आठवण करून दिली. त्यांचा "एकूण राजकारण्यां"वरचा विश्वास घटला, पण नाव घेऊन विचारलेल्या इतर राजकारण्यांवरचा मात्र वाढला! एकूण गटाचा विचार करताना घोटाळेवाला त्यात धरला गेला. एकेकाचा विचार करताना तोच तुलनेला उभा राहिला. म्हणजे एकाच प्रश्नाने एक आकडा खाली आणि दुसरा वर.

म्हणून विश्वासाचा संच शक्यतो सुरुवातीला, राजकीय पसंती आणि चालू घडामोडींच्या आधी. संस्थांचा क्रम प्रत्येक मुलाखतीत बदलता ठेवा. कागदावर काम असेल तर निदान दोन आवृत्त्या, सुलट आणि उलट. एका संचात आठ-दहाच्या वर संस्था नकोत. त्यापुढे लोक एकच पर्याय ओढत नेतात. सगळ्या संस्थांना हुबेहूब एकच उत्तर देणारे किती, हे आधी मोजा आणि मग सरासरी काढा.

संस्थेचं नावही नेमकं हवं. "माध्यमं" म्हटल्यावर एकाच्या डोळ्यांसमोर तो वाचतो ते वर्तमानपत्र, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर तो टाळतो ती वाहिनी. अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, उदाहरण प्रसिद्धच आहे : गॅलपच्या मोजणीत संस्थेवरचा भरवसा १९७३ मध्ये ४२ टक्के, २०१४ मध्ये ७ टक्के, आणि आपापले प्रतिनिधी लोक पुन्हा निवडून देतच असतात. राज्यशास्त्रज्ञ रिचर्ड फेनो यांनी ही विसंगती सत्तरच्या दशकातच नोंदवली होती.

चाचणी-मुलाखती १५ ते २० जणांच्या पुरतात, पण "उत्तर देताना मनात काय आलं?" हे विचारून करा. नुसती वेळ मोजून उपयोग नाही.

मधलाफाटा

पट्टी कुठली चांगली, यावर मत द्या ना. मला ० ते १० बरी वाटते. फोनवर वाचायला सोपी, आणि बारीक बदल पकडते.

चौकट

मी चार शब्दांच्या पर्यायांच्या बाजूची. ० ते १० मध्ये मत नसलेले सगळे ५ वर जाऊन बसतात. त्या ५ चा अर्थ "मध्यम विश्वास" की "मला काय माहीत", हे कधीच कळत नाही. ओईसीडीने (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) ० ते ४ कमी, ५ तटस्थ आणि ६ ते १० जास्त अशी वाटणी केली हे त्यातल्या त्यात बरं. त्यांच्या २०२३ च्या पाहणीत ३० देशांत मिळून राष्ट्रीय सरकारवर जास्त किंवा बऱ्यापैकी विश्वास ३९ टक्के, कमी किंवा नाहीच ४४. मधले ५ वाले तुम्ही कुठे ढकलता त्यावर "बहुमत" ठरणार.

मधलाफाटा

पण चार पर्यायांत त्यांना जबरदस्तीने एका बाजूला ढकलता, त्याचं काय? असो, यावर एकमत होणार नाही. एकदा पट्टी निवडली की ती बदलू नये, एवढं तरी मान्य असावं.

चौकट

ते मान्य. माध्यमही बदलू नये. जीएसएस समोरासमोर बसून होत असे. कोविडच्या साथीमुळे २०२१ ची फेरी मुख्यतः ऑनलाइन झाली. समोर माणूस नसला की लोक टोकाचं आणि कडू उत्तर मोकळेपणाने देतात. त्यामुळे २०१८ आणि २०२१ मधल्या फरकातला किती लोकांच्या मनातला आणि किती माध्यमाचा, हे सरळ वजाबाकीने सुटत नाही. बदलणं भागच असेल तर एक फेरी दोन्ही पद्धतींनी चालवायची, निम्मी-निम्मी.

परदेशवारी

देशांच्या क्रमवाऱ्यांबद्दल. एडेलमनची पाहणी ऑनलाइन पॅनेलवर, म्हणजे आधीच नाव नोंदवलेल्या लोकांच्या गटावर, होते. जिथे इंटरनेट शहरी, शिकलेल्या लोकांकडे जास्त आहे तिथे ती त्यांचाच विश्वास मोजते. दुसरं म्हणजे भीती. जिथे सरकारवर टीका महागात पडू शकते तिथे ९० टक्के विश्वास म्हणजे काय, हे कुणीही छातीठोकपणे सांगू नये.

तिथे यादीचा प्रयोग करतात. निम्म्या लोकांना चार निरुपद्रवी विधानं देऊन "यातली किती पटतात, फक्त संख्या सांगा" म्हणायचं. उरलेल्यांना तीच चार आणि पाचवं "माझा सरकारवर विश्वास आहे". पहिल्या गटाची सरासरी २.१ आणि दुसऱ्याची २.६ आली तर विश्वास ५० टक्के. कुणी एकट्याने काय म्हटलं हे मुलाखतकारालाही कळत नाही. किंमत मोजावी लागते ती अचूकतेत : प्रत्येक गटात ५०० लोक आणि प्रमाण विचलन (उत्तरांचा सरासरीभोवतीचा पसारा) १ धरलं तर मर्यादा ± १२. इतक्या ढोबळ मापाने दोन वर्षांतला बदल पकडायला जाऊ नका. थेट प्रश्नाशी तफावत किती आहे तेवढंच बघायला ते ठीक आहे.

शंकेखोर

एवढं सगळं ऐकल्यावर प्रश्न पडतो की विश्वास घटतोय की नाही? की काहीच सांगता येत नाही?

जुनाखातेदार

येतं की. एकच प्रश्न, एकच पद्धत, लांब मालिका असेल तर नक्की येतं. जीएसएसमध्ये वृत्तपत्रांवर "खूप" भरवसा असलेले सत्तरच्या दशकात सुमारे चारातले एक होते, अलीकडच्या फेऱ्यांत दहात एकही नाही. हे कुठल्याही चुकीच्या मर्यादेत मावत नाही. त्याच मालिकेत वैज्ञानिकांचा आकडा मात्र कित्येक दशकं चाळिशीच्या आसपास राहिला. म्हणजे "सगळ्यावरचाच विश्वास उडालाय" हेही खरं नाही. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या गटाने अनेक देशांची सर्वेक्षणं एकत्र केली, त्यातही फरक असाच दिसला : लोकशाही देशांत संसद, पक्ष, सरकार यांच्यावरचा विश्वास घटलाय, पण पोलीस आणि न्यायव्यवस्थेसारख्या अंमलबजावणीच्या संस्थांचा तसा घटलेला नाही.

संकटातल्या उसळीलाही फसू नये. गॅलपमध्ये वैद्यकीय व्यवस्थेवरचा भरवसा २०१९ मध्ये ३६ होता, साथीच्या पहिल्या वर्षी ५१ झाला. सगळ्या संस्थांची सरासरी २०२० मध्ये ३६ होती, दोन वर्षांत २७ वर आली. २०२० हा पाया धरून "केवढी पडझड" म्हणणं सोपं आहे. २०१९ धरून बघा.

चौकट

एक मूलभूत खटकतं ते लिहितेच. सगळे अहवाल विश्वास वाढणं म्हणजे चांगलं असं गृहीत धरतात. तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी बीबीसीवरच्या २००२ च्या रीथ व्याख्यानांत हेच खोडलं होतं : विश्वास ठेवण्याजोग्यावर ठेवला आणि नसलेल्यावर ठेवला नाही, तर ते शहाणपण. संस्था खरंच बिघडलेली असेल आणि आकडा पडत असेल, तर लोक नीट बघतायत एवढाच त्याचा अर्थ.

ओईसीडीच्या प्रश्नावलीतला दुसरा भाग म्हणूनच मला जास्त आवडतो. तिथे प्रसंग देतात : एखादी सेवा नीट चालत नाही अशी पुष्कळ लोकांनी तक्रार केली तर ती सुधारली जाण्याची शक्यता किती? याचं उत्तर प्रत्यक्ष कारभाराशी ताडून बघता येतं. नुसत्या "विश्वास आहे का" ला ताडून बघायला काहीच नसतं.

शंकेखोर

पटलं. युरोपीय सामाजिक सर्वेक्षणाची फाइल मोफत मिळते म्हणे. स्वतः आकडे काढायचे तर कुठे ठेच लागते?

आकडेमोड

पहिली ठेच संकेतांकांची. तिथे ० ते १० च्या रकान्यात ७७ म्हणजे नकार, ८८ म्हणजे माहीत नाही, ९९ म्हणजे उत्तर नाही. ते काढले नाहीत तर सरासरी फुगते. ती दहाच्या वर गेली तर लगेच लक्षात येतं. धोका असतो तो थोडेसेच राहून गेले तर. ५.४ सरासरी असलेल्या देशात १ टक्का लोकांचे ८८ राहिले तर आकडा ६.२ होतो, आणि ६.२ बघून कुणालाच शंका येत नाही. जागतिक मूल्य सर्वेक्षणात हेच संकेतांक उणे आहेत, उणे १ माहीत नाही, उणे २ उत्तर नाही. शिवाय तिथे १ म्हणजे सर्वाधिक विश्वास आणि ४ म्हणजे अजिबात नाही, त्यामुळे पट्टी उलटवून घ्यावी लागते. न उलटवता काढलेले आलेख फिरताना दिसतात.

दुसरी ठेच भारांची. एकाच देशाचं बघत असाल तर नमुना-निवड आणि प्रतिसाद या दोन्हींची दुरुस्ती असलेला भार पुरे. अनेक देश एकत्र करून "युरोपची सरासरी" काढायची तर लोकसंख्येचा भारही गुणावा लागतो, नाहीतर दीड हजारांच्या नमुन्यामुळे छोटा देश जर्मनीच्या बरोबरीला येऊन बसतो. दोन्हींचा गुणाकार करून ठेवलेला रकाना फाइलमध्ये 'अ‍ॅनवेट' या नावाने मिळतो.

आणि त्या फेरीची प्रश्नावली, फाइल घेता त्याच पानावरून उतरवून घ्या. राजकीय पक्षांचा प्रश्न २००२ च्या पहिल्या फेरीत नव्हता, २००४ पासून आहे. आधीचा रकाना रिकामा दिसला तर फाइल खराब आहे असं समजू नका.